निरोप घेऊन झाल्यावर

४ फेब्रुवारी

ही वही निरोप समारंभात मिळाली. पहिल्या पानावर आमच्या चर्चच्या पाळकांनी वळणदार अक्षरात लिहून दिलंय, ‘सेवाक्षेत्रातल्या अनुभवांसाठी’. आता मी तर अजून सेवाक्षेत्रात पोचलेलो नाही, म्हणून वही उलटी धरून मागच्या पानापासून लिहायला घेतली आहे. पुढची पानं कोरी ठेवणार. ती तिकडची.

समारंभ छान झाला. भेटी आल्या त्या अशा: टॉर्च तीन, पाण्याच्या बाटल्या चार, कांबळं एक, ही वही. तिकडे सगळा अंधारच असणार असं मंडळीने धरून चाललेलं दिसतं. मी चाळीस मिनिटं बोललो. ही म्हणते पंचावन्न. मागच्या बाकावरच्या आजी डोळे पुसत होत्या. मी म्हटलं, शब्द काळजाला भिडले. ही म्हणाली, त्यांची कंबर धरली होती.

एकतीस वर्षं कवळ्या बनवल्या. सारं गाव मला दातवाले काका म्हणतं. गेल्या वर्षी दुकानात मेण गरम करत बसलो होतो आणि डोंगरापलीकडच्या मिशनच्या दवाखान्याचं पत्रक समोर पडलं होतं. तिथले उपदेशक वारले होते, जागा रिकामी होती. आणि मला ‘जा’ असं झालं. आवाज आला असं नाही म्हणता येणार. पण शब्द अगदी स्पष्ट होता. मेण करपलं तरी मी तसाच बसून होतो.

हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तुम्हाला हाक आली, मला बातमी आली.” मग दुसऱ्या दिवसापासून ट्रंका भरायला लागली. बाईमाणसाला एवढा विश्वास कसा जमतो, मला कळत नाही.

९ फेब्रुवारी

परवा निघायचं होतं. आज मिशनच्या सचिवांचं पत्र आलं. जागेची मंजुरी वरच्या कार्यालयात अडकली आहे, पुढील पत्र येईपर्यंत थांबावे, प्रार्थना करीत राहावे.

पत्र दोनदा वाचलं. हिने एकदाच वाचलं आणि विचारलं, “खुर्च्यांचं काय करायचं?”

खुर्च्या शेजाऱ्यांना देऊन टाकल्यात. पलंग लेकीकडे गेला. दुकान भागीदाराच्या नावावर केलं, किल्ली त्याच्या हातात दिली, डोळ्यांत पाणी आणून दिली. घरात आता दोन ट्रंका, एक चटई आणि तीन टॉर्च आहेत.

१३ फेब्रुवारी

संध्याकाळी शेजाऱ्यांकडे गेलो. आमच्याच खुर्चीवर बसवून त्यांनी चहा दिला. “बसा ना आरामात,” म्हणाले. खुर्चीचा डावा पाय लंगडा आहे हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. मीही बोललो नाही.

१७ फेब्रुवारी

लोकांनी मला “अजून इथेच?” हे दोन शब्द ऐकवून ऐकवून जीव नकोसा केलाय. औषधवाला म्हणाला, वाणी म्हणाला, ज्याने माझ्या गळ्यात हार घातला होता तो तर दचकलाच, मेलेला माणूस समोर आल्यासारखा. आज भाजी बाजारात पाळकीणबाई दिसल्या तेव्हा मी कोबीच्या ढिगामागे वाकलो. भाजीवालीने विचारलं, “काय सांडलं काय?” मी म्हटलं, हो. आणि मग सांडलेलं नसलेलं काहीतरी शोधत बसलो. छप्पन्न वर्षांचा माणूस.

१९ फेब्रुवारी

आज रविवार. उपासनेला गेलो नाही. ही एकटीच जाऊन आली. विचारलं, काही विचारत होते का? म्हणाली, “तुमच्या प्रवासासाठी प्रार्थना झाली. सुखरूप पोचावेत म्हणून.”

म्हणजे मंडळीला सांगायला हवं. पण पंचावन्न मिनिटांचा निरोप घेतल्यावर परत जाऊन काय सांगायचं?

एक विचार मनात येतो तो इथे लिहून ठेवतो, वहीची मागची बाजू आहे म्हणून. एकतीस वर्षं लोकांच्या तोंडात बघून मी कंटाळलो होतो. तो कंटाळाच तर मी देवाचं पाचारण समजलो नाही? मला बोलायला आवडतं. लोकांनी बसून ऐकावं असं वाटतं. दुकानात माझ्यासमोर बसलेल्या माणसाला दात नसतात आणि मला प्लास्टरने हात भरलेले असतात, तिथे कोण कुणाचं ऐकणार?

असले विचार सैतान घालतो म्हणतात. असेलही. पण सैतानाला माझ्याबद्दल बरीच माहिती आहे.

१ मार्च

धर्मादाय दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. लेकीच्या वयाची पोरगी, पण हात सफाईदार. मी त्यांच्याकडच्या गरिबांच्या कवळ्या बनवून द्यायचो. म्हणाल्या, “काका, तुम्ही गेलात असं ऐकलं होतं. मग भागीदार म्हणाले, इथेच आहेत, फक्त दिसत नाहीत.”

त्यांच्याकडे एक रुग्ण आहे. गाठीच्या ऑपरेशनमध्ये टाळूचा उजवा भाग आणि त्या बाजूचे दात गेले. तोंडातून नाकात भोक आहे. पाणी प्यायलं की नाकातून येतं, आणि बोललेलं कुणाला कळत नाही. भोक बंद करणारं झाकण बनवायचंय, कवळीसारखं. मोठ्या शहरात बनवतात, पण दोन-तीन आठवड्यांनी जखमेचा आकार बदलतो, मग झाकणही बदलावं लागतं. प्रत्येक वेळी तिकडे कोण जाणार?

मी माझ्या उस्तादांच्या हाताखाली असली दोन बनवली होती, पंचवीस वर्षांपूर्वी. म्हटलं, बाई, मी ते काम सोडलंय. कधीही निघायचं पत्र येईल.

फोन ठेवला तेव्हा ही ट्रंकेवर बसून मटार सोलत होती. म्हणाली, “निघेपर्यंत हात काय खुंटीला टांगून ठेवणार आहात?”

३ मार्च

गेलो. मधल्या काळात वेळ तरी जाईल.

रुग्ण म्हणजे कोण, तर बसस्टँडवरच्या अनाउन्सरबाई. तीस वर्षं भोंग्यातून ज्यांचा आवाज ऐकला त्या. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे” हे वाक्य गावातलं पोर बोलायला शिकतं तेव्हापासून त्याला पाठ असतं. चेहरा मी कधी पाहिला नव्हता. बारीक, सावळ्या, पंच्याहत्तरीच्या आतबाहेर, गळ्यात दोरीने पाटी अडकवलेली. पाटीवर लिहून बोलतात. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लिहिलं, ‘हेच का ते?’ डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. त्यांनी पुसून लिहिलं, ‘बरं.’

दवाखान्यातला दिवा नीट आत पोचत नव्हता. माझ्या पिशवीत निरोपातला टॉर्च होता, तो काढला. आत पाहिलं. माझ्या अंगठ्याएवढं भोक, कडा अजून लालसर. एकतीस वर्षांत पुष्कळ तोंडं पाहिली, पण टॉर्च दुसऱ्या हातात घेऊन पुन्हा एकदा पाहिलं.

१० मार्च

आज माझ्या हातून लाज वाटण्याजोगी गोष्ट घडली.

माप घ्यायचं तर तोंडात मऊ लगदा भरतात आणि तो घट्ट होईपर्यंत चार-पाच मिनिटं हलायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी लगदा भरला आणि त्या हात धुवायला गेल्या. समोर अनाउन्सरबाई, मान मागे, तोंड भरलेलं. मला काय झालं कुणास ठाऊक, मी साक्ष द्यायला लागलो. मेण कसं करपलं, ‘जा’ कसं ऐकू आलं, प्रभू दुःखात कसा जवळ असतो, सगळं. किती दिवसांनी कुणी समोर बसलं होतं. त्या डोळे वटारून छताकडे पाहत होत्या. मला वाटलं, अंतःकरण हललं.

लगदा निघाल्यावर त्यांनी तोंड पुसलं, पाटी घेतली आणि सावकाश लिहिलं, ‘ज्याला उठून जाता येत नाही त्याला देव सांगू नये.’

डॉक्टरीणबाईंनी वाचलं आणि त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी माप घेऊन मागच्या खोलीत गेलो. तिथे एक टेबल, नळ आणि जुनी शेगडी आहे. प्लास्टर ओतेपर्यंत कान गरम होते.

घरी हिला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, “उद्या गेलात की फक्त कसं वाटतंय एवढंच विचारा.”

१९ मार्च

पहिलं झाकण पडलं. तारेच्या आकड्या डाव्या बाजूच्या दातांना अडकवल्या होत्या, पण भोकात जाणारा गोळा भरीव, जड. दोन शब्द बोलल्या आणि सगळं जिभेवर येऊन बसलं. त्यांनी हातात काढून घेतलं, तोललं आणि लिहिलं, ‘दरवाज्याला अडकवायला चांगलं आहे.’

उस्ताद गोळा पोकळ करायचे. कसा, ते आठवत नाही. भागीदाराला विचारलं. तो म्हणाला, “दादा, हे माझ्याच्याने व्हायचं नाही, आणि खरं सांगू का, त्या भोकात बघवत नाही मला.” खरं बोलला, म्हणून राग आला नाही.

विचारलं होतं मी, कसं वाटतंय म्हणून. त्यांनी लिहिलं, ‘धाकटी बहीण रोज फोन करते. मी उचलते आणि नुसती ऐकते. तिला वाटतं मी तिच्यावर रागावले.’

२७ मार्च

सहा दिवस दुसरं काही सुचलं नाही. गोळा दोन वाट्यांसारखा वेगवेगळा केला आणि मग कडा जोडल्या. पहिले चार तडकले. पाचव्यात पाणी शिरलं. सहावा पाण्यात टाकला तर तरंगला. मी मागच्या खोलीत एकटाच टाळ्या वाजवल्या. या सहा दिवसांत सचिवांच्या पत्राची आठवण झाली नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. सेवेची ओढ कमी होतेय की काय, याची धास्ती वाटते. यासाठी विशेष प्रार्थना केली पाहिजे.

२८ मार्च

बसलं.

आधी पाणी प्यायला दिलं. नाकाखाली रुमाल धरून त्या प्यायल्या. रुमाल कोरडा. आणखी एक घोट. कोरडा. मग मी म्हटलं, म्हणा ‘बाबा’. झाकण सैल असलं की ‘बाबा’चं ‘मामा’ होतं, वारा नाकात जातो म्हणून. त्या म्हणाल्या, “बाबा.” मी म्हटलं, म्हणा ‘पाटी’. त्यांनी गळ्यातली पाटी काढली, टेबलावर ठेवली, पाठ ताठ केली, आणि म्हणाल्या,

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.”

जरा घोगरा, पण तोच आवाज. बाहेर बाकावर बसलेल्या माणसांनी उठून दारातून पाहिलं. एकजण सवयीने पिशवी उचलून उभा राहिला. डॉक्टरीणबाई रडल्या. मीही रडलो, सांगायला लाज नाही. अनाउन्सरबाई तेवढ्या नाही रडल्या. म्हणाल्या, “चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याला जे जमलं नाही ते तुम्ही केलंत. माझ्या तोंडाला झाकण बसवलंत.” मग फोन मागितला आणि दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसून बहिणीशी एक तास भांडल्या.

३१ मार्च

मंजुरी आली. वीस एप्रिलच्या आत हजर व्हावे. पत्रासोबत राहायच्या घराचा फोटो, पुढे व्हरांडा. दवाखान्याच्या आवारातलं प्रार्थना मंदिर, दीडशे माणसं बसतील एवढं. आणि व्यासपीठ.

हिला फोटो दाखवला. “चांगलं आहे,” म्हणाली. तिने ट्रंकेतून काढलेली दोन पातेली घासून परत ट्रंकेत ठेवली. मला आनंद व्हायला हवा. झालाच. थोडा वेळ.

३ एप्रिल

अनाउन्सरबाईंच्या झाकणाची कड टोचायला लागली. आतला आकार बदललाय, अपेक्षाच होती. घासून, भरून दिलं. असं अजून वर्षभर चालेल. निघताना डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. आवाज आल्याची बातमी पसरली, आसपासच्या दवाखान्यांतून सातजणांची नावं आली आहेत. बाकावर एक माणूस पंचा तोंडाशी धरून बसला होता. माझ्याकडे पाहून त्याने पंचा अजून वर घेतला.

“तुम्ही जाणार हे मला माहीत आहे, काका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “फक्त कुणाला शिकवता येईल का बघा.” सतरा दिवसांत? मला स्वतःला पंचवीस वर्षांनी सहा गोळे लागले.

५ एप्रिल

हिच्याशी बोललो. ती म्हणाली, “प्रभू म्हणाला ‘जा’. पत्ता तुम्ही घातलात.”

मी चिडलो. म्हटलं, असं सोयीचं बोलू नकोस. कारण मला ते फार सोयीचं वाटलं, आणि म्हणूनच भीती वाटली. इथे माझं घर, माझं गाव. न जाण्याला उद्या मीच एखादं गोंडस नाव देईन. आज्ञा मोडणारे सगळे असंच करत असतील, चांगली कारणं शोधून.

ती म्हणाली, “बरं, मग सांगा. तिकडे गेलात तर काय सोडाल? इथे राहिलात तर काय सोडाल?”

तिकडे गेलो तर सातजण सोडेन. इथे राहिलो तर व्यासपीठ. हे उत्तर मी तिला दिलं नाही. इथे लिहिलं.

७ एप्रिल

पाळकांकडे गेलो. कोबीमागे लपल्याचंही सांगितलं. पाळकीणबाईंनी मला तेव्हाच पाहिलं होतं म्हणे. पाळक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांनी मला काही वचन सांगावं अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, “मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.” मग आम्ही दोघे गुडघ्यावर बसलो. मी पहिल्यांदाच अशी प्रार्थना केली ज्यात मी काही बोललो नाही.

उत्तर आलं नाही. ना आवाज, ना शब्द.

१० एप्रिल

सकाळी उठलो, चहा घेतला आणि दवाखान्यात जाऊन पंचावाल्या माणसाचं माप घेतलं. ठरवून गेलो असं नाही. लगदा घट्ट होईपर्यंत त्याचा हात धरून बसलो, कारण त्याला श्वास कोंडतोय असं वाटत होतं. एक अक्षर बोललो नाही. त्याने हात सोडला नाही, मग मी तरी कशाला सोडू?

दुपारी सचिवांना पत्र लिहिलं. चार ओळींत नकार. पेटीत टाकल्यावर असं वाटलं की हात आत घालून परत काढावं. त्या दीडशे माणसांची जागा डोळ्यांसमोरून जात नाही. कदाचित कधीच जाणार नाही. प्रभूने विचारलं, का नाही गेलास, तर काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

हिने ट्रंका उघडल्या. पातेली फळीवर लावली. रात्रीच्या स्वयंपाकाला तिने काही गुणगुणत फोडणी दिली. एवढी वर्षं झाली, तिला काय हवं होतं हे मी विचारलंच नव्हतं.

आता मंडळीला सांगायचं आहे. भाषण लिहायला घेतलं. तीन पानं झाली.

१५ एप्रिल

अनाउन्सरबाई म्हणाल्या, “उद्या मीही येते तुमच्या उपासनेला. मोठ्या जागेत आवाज कसा लागतो ते बघायचंय. देवाबिवाचं काही मनावर घेऊ नका.” मी म्हटलं, नाही घेत. या.

१६ एप्रिल, रविवार

वही सुलट धरली आहे. हे पहिलं पान. वर पाळकांचं अक्षर आहे, त्याच्या खाली लिहितोय.

दहा आठवड्यांनी मंडळीत पाऊल टाकलं. सगळ्या माना वळल्या. भक्तिगीत झालं, सूचनांची वेळ आली, पाळकांनी मला खूण केली. मी पुढे जाऊन उभा राहिलो. हातात तीन पानं. समोर टॉर्चवाले, बाटल्यांवाले, हार घालणारा, कंबर धरलेल्या आजी. आणि माझा आवाज फुटेना. मी. ज्याला खाली बसवायला घड्याळ दाखवावं लागतं. पहिल्या बाकावर ही बसली होती, ती नुसती माझ्याकडे पाहत होती.

किती वेळ गेला माहीत नाही. मागून चपलांचा आवाज आला. अनाउन्सरबाई मधल्या वाटेने पुढे आल्या, माझ्या हातातली पानं घेतली, पहिल्या पानावर नजर टाकली, घडी घातली आणि पानं आपल्या पिशवीत ठेवली. मग पाठ ताठ केली. माईक त्यांनी घेतला नाही.

“मंडळींनी कृपया लक्ष द्यावे. डोंगरापलीकडे जाणारी गाडी रद्द करण्यात आली आहे. गाडीचे प्रवासी, दातवाले काका, यापुढे रोज सकाळी नऊ वाजता धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या खोलीत भेटतील. ज्यांना बोलता येत नाही त्यांनी तिथे यावे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

सगळी मंडळी, सवयीने, एका आवाजात “आमेन” म्हणाली.